जळगावची ठिबक: ‘स्टार्टअप’ या शब्दाआधीचा उद्योग

‘स्टार्टअप’ म्हटले की बंगळूर वा पुणे आठवते. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रापासून फार दूर नसलेल्या जळगावात मात्र तसा उद्योग हा शब्द रूढ होण्याआधीच उभा राहिला.

वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्री सुरू केली. १९७८ मध्ये केळी भुकटीचा जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले; पुढे पीव्हीसी पाइप आले.

ठिबक सिंचन हा काही त्यांचा शोध नव्हे. सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर इस्रायलमधील हत्झेरिम किबुत्झने १९६५ मध्येच कंपनी काढली होती. खानदेशातला प्रश्न निराळा होता: दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला ते परवडावे कसे, आणि तोट्या चोंदल्या तर त्याने करावे काय? म्हणून नळ्यांबरोबर कृषितज्ज्ञ, प्रशिक्षण आणि उतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ केळीची रोपेही बांधावर पोहोचली. शासकीय अनुदानाचा वाटाही मोठा होता; तो वगळून एकट्या उद्योजकाची गाथा रचणे इतिहासाला धरून नाही.

१९९०च्या दशकात हाच समूह वित्त व माहिती तंत्रज्ञानाच्या मोहात पडून आर्थिक संकटात सापडला. सावरला तो पुन्हा शेतीकडे वळल्यावर. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील भूजलाचा उपसा मात्र ठिबक आल्यावरही थांबला नाही.