टिंब कुणी ठरवायचं? काचेच्या जाळीपासून रिप सॉफ्टवेअरपर्यंत

आजचा विषय टी-शर्ट, पिशव्या, पत्रिका छापणाऱ्या छोट्या स्क्रीन प्रिंटिंग दुकानाचा आहे. तिथल्या संगणकात ‘रिप’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. रिप म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर, चित्राची टिंबं करून देणारा. त्याचा इतिहास मात्र संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

मूळ अडचण बघा. जाळीतून शाई एकतर उतरते, नाहीतर उतरत नाही. काळ्या शाईतून राखाडी रंग निघत नाही. मग चेहऱ्यावरची सावली छापायची कशी? गडद भागात मोठी टिंबं, फिकट भागात बारीक. लांबून डोळा ती एकत्र करतो. हाच हाफटोन.

1852 मध्ये इंग्लंडच्या टॅलबटनं पेटंट घेतलं, त्यात बारीक कापडाच्या जाळीतून चित्र उतरवायची कल्पना होती. 1882 मध्ये जर्मनीत मायझेनबाखनं हाफटोनचं पेटंट घेतलं. पुढे आडव्या-उभ्या रेषा कोरलेली काचेची जाळी आली. ही जाळी प्लेटपासून किती अंतरावर ठेवायची, भिंगाचं छिद्र किती उघडायचं, यावर टिंब ठरायचं. हे गणित मांडणाऱ्यांत आपले कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय होते, सत्यजित राय यांचे आजोबा. 1897 पासून त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून आले.

म्हणजे टिंबाचा मालक होता प्रोसेस कॅमेऱ्यावरचा कारागीर. ज्या दुकानाकडे असा कॅमेरा नव्हता, त्याला पॉझिटिव्ह बाहेरून करून आणावी लागे.

1984 मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. तिच्यात एकाच आज्ञेत तीन गोष्टी सांगता येत: इंचाला टिंबांच्या किती ओळी, कोन कोणता, टिंबाचा आकार कसा. काचेचं काम आता आकड्यांवर आलं. 1985 चा ॲपलचा लेझररायटर ही भाषा समजायचा, पण तो इंचाला 300 ठिपक्यांचा. इंचाला 60 ओळी हव्या असतील तर एका टिंबाला 5 गुणिले 5, म्हणजे 25 ठिपके. कोऱ्या कागदासकट फक्त 26 छटा! 720 ठिपक्यांच्या यंत्रावर हाच हिशेब 145 वर जातो, निदान कागदावर तरी.

नंतर स्वस्त इंकजेट आले. फिल्मवर छापायला उत्तम, पण बहुतेकांना पोस्टस्क्रिप्ट कळत नाही. त्यांचा ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीनं अतिबारीक ठिपके विखुरतो, आणि तेवढे ठिपके जाळीवर टिकत नाहीत. म्हणून मध्ये रिप बसवावा लागला. तो ठरलेल्या कोनात टिंबं रचतो आणि अतिनील प्रकाश अडेल इतकी दाट शाई फिल्मवर सोडतो. कॅमेरावाल्याचा अधिकार असा थेट छोट्या दुकानात आला.

अधिकाराबरोबर जबाबदारीही आली, हे मात्र विसरू नका. टिंबांच्या ओळींपेक्षा जाळीचे धागे चार-पाच पट तरी हवेत, म्हणजे 60 ओळींना इंचाला 240 ते 300 धागे. कोन चुकला तर धागे आणि टिंबं एकमेकांशी भांडतात आणि छपाईत लाटा उमटतात. कापडावर टिंब पसरतं, तेही आधीच धरावं लागतं. रिपमध्ये या सगळ्यासाठी रकाने असतात. पण आपली जाळी कोणती, कापड कोणतं, शाई किती पातळ, हे छापणाऱ्यालाच ठाऊक असतं. उपेंद्रकिशोरांच्या काळी अंतर मोजायचे, आज आपण आकडा भरतो. तो का भरतो, हे कळलं पाहिजे.

आता प्रश्न विचारा.