काय गाळायचं? मॉडेल रेल्वेवाल्यांनी शोधलेलं उत्तर

विषय निवडताना 'एवढंच घेतलं तर पुरेल का?' हा प्रश्न तुम्हाला पडतोच. अमेरिकेत घरातल्या खोलीत छोटी रेल्वे उभारणाऱ्या हौशी मंडळींनाही कित्येक दशकं हाच प्रश्न पडत आलाय.

आधी साधं गणित करू. तिथल्या लोकप्रिय एचओ मापात सगळं ८७ पटींनी लहान होतं. म्हणजे एका किलोमीटरसाठी साडेअकरा मीटर जागा हवी. दहा किलोमीटरवरचं पुढचं स्टेशन ११५ मीटरवर जाईल! टेबलावर मावणारं १८ इंच त्रिज्येचं वळण खऱ्या जगात जेमतेम ४० मीटर त्रिज्येचं ठरतं. मेन लाइनची वळणं मात्र शेकडो मीटरची असतात. म्हणजे हुबेहूब नक्कल अशक्यच. तडजोड सगळ्यांनाच करावी लागते, फक्त ती कुठे करायची ते ठरवायचं.

सुरुवातीला बरेच जण फळीभर रूळ कोंबायचे. एकच गाडी त्याच डोंगरासमोरून तीनदा जायची. रूळ भरपूर, पण रेल्वे कुठे दिसेना.

फ्रँक एलिसन यांनी १९४४ साली 'मॉडेल रेलरोडर' मासिकातल्या लेखमालेत याकडे नाटक म्हणून पाहिलं. देखावा म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रं, वेळापत्रक म्हणजे कथानक. असं पाहिलं की कथानकाला नको असलेलं आपोआप बाहेर जातं.

१९६३ साली जॉन आर्मस्ट्राँग यांचं 'ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअ‍ॅलिस्टिक ऑपरेशन' आलं. खरेपणा फक्त दिसण्यात नाही, काम कसं चालतं त्यातही आहे, हा त्यांचा भर. कुठला डबा कुठून आला, कुठे आणि कशासाठी चाललाय? त्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे: न बदलता येणाऱ्या गोष्टी आणि आपल्या इच्छा यांची वेगवेगळी यादी करायची.

पुढे अ‍ॅलन मॅक्लेलँड यांनी आपल्या 'व्हर्जिनियन अँड ओहायो' रेल्वेत नजरेआड यार्ड वापरलं. गाडी तिथून येते, तिथेच जाते. पाहणाऱ्याला वाटतं, बाहेर अख्खा देश पसरलाय. 'कामापुरतं चांगलं' हे त्यांचं दुसरं सूत्र. दोन-चार डब्यांवर जीव ओतण्यापेक्षा सगळी रेल्वे एकसारख्या दर्जाची ठेवायची.

आता हे तुमच्या सिनॉप्सिसला लावून बघा. वेळ, उपकरणं, नमुने या न बदलणाऱ्या गोष्टी एका यादीत, इच्छा दुसरीत. आणि तुम्ही अभ्यासणार नाही, पण जे तुमच्या प्रश्नावर परिणाम करतं, ते तुमचं नजरेआडचं यार्ड. विज्ञानात आपण त्यालाच बाउंडरी कंडिशन्स म्हणतो. ते गाळा, पण गाडी तिथून येते हे स्पष्ट लिहा. व्हायव्हात 'हे का घेतलं नाही?' असं विचारलं, तर उत्तर तयार असेल.