घाटमाथ्याची उंची आणि तापमापकातील पारा

महाडहून वरंध गावावरून भोरकडे चढणारा घाट असो किंवा पोलादपूरहून महाबळेश्वरला नेणारा आंबेनळी घाट असो, सावित्रीच्या खोऱ्यापासून सह्याद्रीचा माथा नेमका किती उंच आहे हे ठरवणे एकोणिसाव्या शतकात सोपे नव्हते. हवेच्या दाबावरून उंची काढण्याचे वायुभारमापक हे साधन उपलब्ध होते खरे, परंतु पाऱ्याने भरलेली त्याची सुमारे 3 फूट लांबीची काचनळी डोंगरवाटांनी शाबूत नेणे अवघड असे. मुंबई सरकारने 1824 मध्ये सांख्यिकी माहिती संकलनासाठी नेमलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि 1838 मध्ये साध्या तापमापकाने उंची मोजण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला.

उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते, हे या पद्धतीचे तत्त्व. ही घट सुमारे 300 मीटरला 1 अंश सेल्सिअस एवढी असल्याने 1372 मीटर उंचीच्या महाबळेश्वरी पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळते. अशा कामी नळीत कोणता द्रव असावा, याचा निर्णय उकळत्या पाण्यानेच करून टाकला. मद्यार्क उणे 114 अंश तापमानापर्यंत गोठत नाही, पण सामान्य दाबाला 78 अंशांनाच स्वतः उकळतो, म्हणून तो येथे बाद ठरतो. पारा मात्र 357 अंशांपर्यंत द्रवरूप राहतो, बऱ्याच अंशी समप्रमाणात प्रसरण पावतो, काचेला चिकटत नाही आणि अपारदर्शक असल्याने रंग न घालताही दिसतो. त्याचे प्रसरण मद्यार्काच्या सुमारे एकषष्ठांशच असल्यामुळे नळीचे छिद्र केसासारखे बारीक ठेवावे लागते. शिवाय अंशाच्या दशांशाची चूक झाली तरी उंचीत 30 मीटरचा फरक पडतो. जुन्या काचेचा फुगा आकसून शून्याची खूण सरकते, हा दोष तर कोणत्याही द्रवाने टळत नाही.

वेधशाळांत मद्यार्काला किमान तापमापकात जागा मिळाली. त्याच्या पृष्ठभागाचा ताण नळीतील बारीक दर्शक-कांडीला मागे ओढतो आणि तापमान वाढताच कांडी तेथेच सोडून द्रव पुढे सरकतो, त्यामुळे रात्रीचा नीचांक सकाळी वाचता येतो; पाऱ्याला हे साधत नाही. आता विषारीपणामुळे पाराच मागे पडत आहे: 2013 च्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या तापमापकांवर निर्बंध आणले आणि भारताने तो 2018 मध्ये स्वीकारला.