शंभर वॅटची वेस : लॅपटॉपच्या सामाईक चार्जरचा इतिहास

भिंतीतल्या विजेच्या प्लगला साऱ्या जगात एकच आकार असावा, असा प्रयत्न आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने केला होता. १९८६ साली तसे मानक प्रसिद्धही झाले. पुढे ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी ते थोड्याफार फरकाने स्वीकारले. बाकीचे देश आपापल्या पिना सांभाळून राहिले. आपल्याकडचा तीन गोल पिनांचा प्लग ब्रिटिश अमदानीतला आहे आणि तो अजून हललेला नाही. घरोघरी भिंतीत चिणलेली गोष्ट बदलणे सोपे नसते. मात्र वायरीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे लॅपटॉपच्या बाजूला, ही एकी दहा-बारा वर्षांत बरीचशी साधली. ती कशी साधली आणि कुठे अडली, हे पाहिल्याखेरीज आज ताकदवान लॅपटॉपसाठी चार्जर निवडणे कठीण आहे. कारण चार्जरवर आणि केबलवर छापलेले ६०, १००, १४०, २४० हे आकडे म्हणजे या इतिहासाचेच टप्पे आहेत.

यापूर्वीची स्थिती अनेकांच्या स्मरणात असेल. प्रत्येक कंपनीची गोल पिन निराळ्या जाडीची असे. व्होल्टेज बहुधा १६ ते २० व्होल्टच्या दरम्यान, पण नेमके किती ते कंपनीगणिक वेगळे. बाजारात एका अ‍ॅडॉप्टरसोबत आठ-दहा टोके देणारे ‘युनिव्हर्सल’ चार्जर मिळत, तेही या गोंधळावरचाच उतारा होते. काही कंपन्यांनी पिनेच्या मध्यभागी ओळख पटवणारी एक तार ठेवली. अ‍ॅडॉप्टर आपल्याच कंपनीचा आहे अशी खात्री पटली नाही, तर लॅपटॉप चालू राही, पण बॅटरी भरून घेत नसे. यात सुरक्षिततेचा विचार होता, तसा धंद्याचाही होता. लॅपटॉप चांगला असूनही चार्जर बिघडला की गिऱ्हाईक पुन्हा त्याच दाराशी येई.

यूएसबीचा जन्म या गोंधळाच्या शेजारीच झाला, पण वेगळ्या कारणासाठी. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या निरनिराळ्या जोडण्यांऐवजी एकच जोडणी असावी, एवढाच तिचा हेतू होता. इंटेलमध्ये या कल्पनेचा पाठपुरावा करणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. जानेवारी १९९६मध्ये सात कंपन्यांनी मिळून पहिले मानक काढले. त्यात वीज होती, पण ती जोडलेल्या उपकरणाच्या गुजराणीपुरती : ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. पुढे मोबाइल फोन आले आणि लोकांनी याच अडीच वॅटवर फोन भरायला सुरुवात केली. २००९ साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने दहा फोन-उत्पादकांनी मायक्रो-यूएसबीच्या सामाईक चार्जरसाठी स्वेच्छेने करार केला. लॅपटॉप मात्र या सगळ्यापासून दूरच होता. त्याची भूक साठ-नव्वद वॅटची.

ती भागवण्याचा पहिला प्रयत्न जुलै २०१२मधल्या ‘पॉवर डिलिव्हरी’ या मानकाचा. २० व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट, ही मर्यादा तेव्हा ठरली. जुन्याच आकाराच्या जोडण्यांवर बेतलेले हे मानक बाजारात जवळपास दिसलेच नाही. ऑगस्ट २०१४मध्ये चोवीस संपर्कबिंदूंची, उलटसुलट कशीही बसणारी ‘सी’ जोडणी आली, तेव्हा त्याला पाय फुटले. मार्च २०१५मध्ये अ‍ॅपलचा बारा इंची मॅकबुक आणि गूगलचा क्रोमबुक पिक्सेल ही जोडणी घेऊन उतरले. मॅकबुकचा चार्जर होता अवघा २९ वॅटचा.

या पद्धतीतली खरी नवलाई आकारात नाही, बोलणीत आहे. जुना अ‍ॅडॉप्टर ठरलेले व्होल्टेज मुकाट्याने देत राही. नवा चार्जर आधी आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो : ५, ९, १५, २० व्होल्ट, आणि प्रत्येकावर इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातले एक मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढते. या बोलणीला केबलही साक्षीदार असते. ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत, साधी केबल चालते. त्यापुढे केबलच्या टोकात एक चिप लागते. ‘मी ५ अँपिअर वाहू शकते’ असे ती सांगते. १०० वॅटचा चार्जर आणून साधीच केबल वापरली, तर हाती ६० वॅटच येतात, ते यामुळे.

बोलणीत खोटे बोलले गेले तर काय होते, हेही लवकरच दिसले. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग २०१५च्या अखेरीपासून बाजारातल्या केबली विकत घेऊन तपासत आणि निष्कर्ष जाहीर करत. अनेक केबलींमध्ये चुकीचा रोधक बसवलेला होता. त्यामुळे उपकरण जुन्या यूएसबी जोडणीकडून तिला न झेपणारा प्रवाह ओढू शके. फेब्रुवारी २०१६मध्ये तर एका केबलीत तारांचीच अदलाबदल निघाली आणि तिने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. त्यानंतर दोनेक महिन्यांत अ‍ॅमेझॉनने मानकाबाहेरच्या सी-केबली विकण्यास बंदी घातली. आकार सारखा असणे म्हणजे आतून सारखे असणे नव्हे, हा धडा तेव्हाचा आहे.

दरम्यान लॅपटॉप वाढत गेले. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन, खेळ यांसाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर आला आणि शंभर वॅटची वेस अपुरी पडू लागली. डेलने आपल्या काही लॅपटॉपसाठी सी-जोडणीतूनच २० व्होल्टवर साडेसहा अँपिअर, म्हणजे १३० वॅट द्यायला सुरुवात केली. केबल चार्जरलाच कायमची जोडलेली, आणि पूर्ण १३० वॅट मिळायचे ते त्याच कंपनीच्या लॅपटॉपना. जुनी गोल पिन अशी नव्या तोंडाने परतली होती.

मे २०२१मध्ये मानकाची ३.१ ही आवृत्ती आली आणि वेस पुढे सरकली. प्रवाह ५ अँपिअरच ठेवून व्होल्टेज २८, ३६ आणि ४८पर्यंत नेले, त्यातून १४०, १८० आणि २४० वॅट झाले. व्होल्टेजच का वाढवायचे? तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २४० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर ४८ अँपिअर लागतील. तेवढी तांब्याची तार खांद्यावरच्या पिशवीत मावणार नाही. ४८ व्होल्ट ही पातळी टेलिफोन एक्स्चेंजांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या सोळा इंची मॅकबुक प्रोबरोबर १४० वॅटचा चार्जर आला. त्याच्या आत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड होते. हा पदार्थ कमी उष्णता गमावून वेगाने उघडझाप करतो, म्हणून ठोकळा लहान होतो. दिवाळीच्या माळांतले निळे एलईडी याच पदार्थाच्या घराण्यातले. त्यांच्या शोधाला २०१४चे नोबेल मिळाले.

कायदा यानंतर आला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी सामाईक चार्जरला मंजुरी दिली. फोनसारख्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४, तर लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ ही तारीख मिळाली. सक्तीमुळे नव्या कल्पना खुंटतील, असा अ‍ॅपलचा आक्षेप होता. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा कचरा वर्षाला ११ हजार टन होतो, असा आयोगाचा अंदाज होता. भारतीय मानक ब्यूरोनेही सी-जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले आहे.

कायद्याने गिऱ्हाइकाला हवा तो चार्जर घेण्याचे स्वातंत्र्य दिले, पण पारखण्याचे कामही त्याच्याकडेच आले. लॅपटॉपबरोबर आलेल्या अ‍ॅडॉप्टरचे वॅट आधी पाहावेत. नवा चार्जर त्याहून मोठा असला तर बिघडत नाही, कारण लॅपटॉप मागेल तेवढेच घेतो. लहान असला तर बॅटरी सावकाश भरते, आणि जड कामात चार्जर लावलेला असूनही उतरू शकते. लॅपटॉपची गरज १००च्या वर असेल, तर तो सी-जोडणीतून २८ व्होल्ट स्वीकारतो का, हे विचारले पाहिजे. अनेक लॅपटॉप १००लाच थांबतात. तीन-चार जोडण्यांच्या चार्जरवरचा मोठा आकडा एकूण बेरजेचा असतो, फोन जोडला की लॅपटॉपचा वाटा घटतो. केबलवर ६० किंवा २४० वॅटची खूण असावी, अशी पद्धत २०२१मध्येच ठरली आहे. आणि खेळांसाठीचे जे लॅपटॉप ३०० वॅटच्याही पुढे गेले आहेत, त्यांच्याबरोबर आजही गोल किंवा चौकोनी पिनेचा, एकाच कंपनीचा, जडशीळ ठोकळा येतो. २४०ची वेस त्यांच्यासाठी अजून उघडलेली नाही.