चष्मा हरला तिथून सुरू झालेली गोष्ट

कॉन्टॅक्ट लेन्स म्हटलं की काय आठवतं? लग्नाच्या फोटोत चष्मा नको म्हणून घातलेल्या लेन्स, नाहीतर निळे-हिरवे डोळे. पण या लेन्सचा इतिहास वाचताना मला गंमत वाटली ती ही, की सुरुवातीला हौसेचा प्रश्नच नव्हता. चष्मा लावूनही ज्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांच्यासाठी ही धडपड होती.

असाच एक आजार म्हणजे केराटोकोनस. डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुतेकदा वयात येताना. दिव्यांना शेपट्या फुटतात, एकाच अक्षराची दोन-तीन दिसतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरांनी १८५४ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं.

उपायाची कल्पना त्याआधीच एका खगोलशास्त्रज्ञाला सुचली होती. जॉन हर्शेल. त्यांचं म्हणणं असं, की वेड्यावाकड्या कॉर्नियावर काचेची वाटी ठेवा आणि मधे पारदर्शक जेली भरा. आपल्याकडे पावसात रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरतात आणि वरून सगळं सपाट दिसतं ना? तसंच. प्रकाशाला मग खालचे उंचवटे जवळजवळ जाणवतच नाहीत, वरची गुळगुळीत काचच जाणवते.

१८८८ मध्ये झुरिकच्या आडोल्फ फिक यांनी हे करून दाखवलं. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या, मग रुग्णांच्या. काच टेकायची डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि मधल्या जागेत साखरेचं पाणी. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनीही केराटोकोनससाठी काचेची लेन्स वापरली.

मग अडलं कुठे? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो. काचेतून हवा जात नाही! काही तासांतच डोळा गुदमरायचा आणि धुकं दिसायला लागायचं.

१९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुओही यांनी फक्त कॉर्नियावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स आणली. पापणी मिटली की खालचे अश्रू हलायचे, डोळ्याला थोडा श्वास मिळायचा. १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टेर्ले यांनी मुलांच्या खेळण्याच्या भागांतून घरीच यंत्र जोडून मऊ लेन्स बनवल्या. जग खूश झालं, पण केराटोकोनसवाल्यांना फारसा उपयोग नाही. मऊ लेन्स चादरीसारखी पसरते, खालचा उंचवटा वर तसाच उमटतो.

शेवटी १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डॉन इझिकल यांनी मोठी लेन्स ऑक्सिजन आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकची बनवली. आजची स्क्लेरल लेन्स ती हीच: पांढऱ्या भागावर टेकलेली, आत सलाइन भरलेली. म्हणजे फिक यांचीच रचना! कल्पना १८८८ लाच बरोबर होती, योग्य मटेरियल यायला जवळपास शंभर वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लेन्स दृष्टी देते, आजार थांबवत नाही. तो थांबवण्यासाठी क्रॉसलिंकिंग आहे. त्याचे रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडले. पण त्यासाठी आजार वेळेत सापडायला हवा. म्हणून नंबर सारखा बदलत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, 'कॉर्नियाची टोपोग्राफी करायची का?' आणि डोळे चोळायची सवय आजच सोडा.

भेटू पुढच्या भागात!