बेपत्ता मामा

सरकारी कचेरीत वीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. ‘मृत’ असा शेरा पडला की फाईल बंद होते. ‘बेपत्ता’ या शेऱ्याने ती उघडीच राहते आणि तिच्याबरोबर एक घरही उघडे राहते. दुसऱ्या महायुद्धातील अशा एका फायलीची ही हकीकत आहे.

२५ मार्च १९४४ रोजी अमेरिकन नौदलाची व्हेंचुरा जातीची बाँबफेकी विमाने अल्यूशियन द्वीपमालेतील अट्टू बेटावरून जपानच्या कुरील बेटांकडे निघाली. सुमारे १२०० किलोमीटरची ही वाट धुक्याची आणि पंखांवर साचणाऱ्या बर्फाची होती. त्यांतील एक विमान सात माणसांसह परतले नाही.

घायाळ विमानाला त्या बाजूस एकच आसरा होता. तो म्हणजे रशियाचे कामचात्का. मात्र एप्रिल १९४१ च्या करारान्वये रशिया जपानशी तटस्थ होता. त्यामुळे तेथे उतरलेल्या अमेरिकन वैमानिकांना स्थानबद्ध करावे लागे आणि पुढे ताश्कंदमार्गे इराणात गुपचूप सोडून देण्यात येई. पळून गेल्याचे सोंग वठवून ही सुटका होई आणि सुटलेल्यांना तोंड मिटून राहण्याची ताकीद असे. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु ज्यांचा माणूस आलाच नाही, त्यांनी या मौनाचा अर्थ काय लावावा?

१९६२ साली एका सोव्हिएत भूगर्भशास्त्रज्ञाला कामचात्कातील मुत्नोव्स्की ज्वालामुखीच्या परिसरात या विमानाचे अवशेष आढळले. हेच क्यूबाच्या पेचप्रसंगाचे वर्ष! विमान सापडले खरे, पण घरच्यांपर्यंत ती वार्ता पोचण्यास आणखी तीसहून अधिक वर्षे लागली. बर्फाने त्यांना अठरा वर्षे लपविले. उरलेला काळ दोन सरकारांच्या अबोल्याने लपविला, असे मला वाटते. बेपत्ता सैनिकांसाठी दोन्ही राष्ट्रांचा संयुक्त आयोग १९९२ साली स्थापन झाला, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली आणि २००० साली शोधपथक त्या उतारावर पोचले.

हाती आले ते अस्थींचे तुकडे. हवाई बेटांवरील प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली. एवढ्या जुन्या अस्थींत पेशीच्या केंद्रातील डीएनए क्वचितच शाबूत राहतो. मायटोकाँड्रियामधील डीएनए मात्र पुष्कळदा टिकतो आणि तो मुलांना केवळ आईकडून मिळतो. मृताचा स्वतःचा मुलगा त्यासाठी निरुपयोगी, पुतण्याही निरुपयोगी. बहीण चालते, बहिणीची मुले चालतात. नात्यांची नावे काटेकोरपणे वेगळी ठेवणाऱ्या आपल्या भाषेत हे समजावण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. काकाची ओळख पुतण्या देऊ शकत नाही. मामाची ओळख भाचा देतो.

अशा तपासण्यांसाठी नमुने देणारे भाचे आणि भाच्या आज स्वतःच वृद्ध असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या मामाला भिंतीवरच्या तसबिरीतच काय ते पाहिलेले असते.