आंधळी सही: पैशावर नाव कोणाचं?

डिजिटल चलन म्हटलं की लोक थेट बिटकॉईनच्या भावावर येतात. आज भाव बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते एका जुन्या प्रश्नाबद्दल: मी कोणाला पैसे दिले, हे तिसऱ्याला कळलंच पाहिजे का? आणि कळलं, तर तो ते थांबवू शकतो का?

खिशातली शंभराची नोट काढून बघा. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर त्यावर वचन देतात ते ‘धारकाला’. धारक म्हणजे ज्याच्या हातात नोट आहे तो. त्याचं नाव, गाव, जात, पक्ष काही विचारलेलं नाही. पैशाचं सगळं असंच चालायचं असं मात्र नाही. आपल्याकडच्या सावकारी पेढ्यांवर ‘शाहजोग’ हुंडी असायची. तिचे पैसे बाजारात ओळख असलेल्या, पत असलेल्या माणसालाच मिळायचे. केवायसीच म्हणा ना! म्हणजे दोन्ही परंपरा जुन्याच आहेत, ओळखीचा पैसा आणि बिनओळखीचा पैसा.

कॉम्प्युटर आला तेव्हा बिनओळखीचा पैसा संपणार, हे पहिल्यांदा नीट ओळखलं डेव्हिड चॉम या अमेरिकन गणिती माणसाने. साल 1982. त्याने एक शोधनिबंध मांडला आणि त्यात ‘आंधळी सही’ नावाची कल्पना होती. मी रोज कोड लिहितो, पण इतकी देखणी कल्पना फार कमी वेळा वाचायला मिळते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पावतीपुस्तकातला कार्बन पेपर आठवा. तुम्ही एका कागदावर स्वतःच मनाने एक भलामोठा नंबर लिहिता. तो कागद आतून कार्बन लावलेल्या पाकिटात घालून पाकीट बंद करता आणि बँकेत जाता. बँक तुमच्या खात्यातून एक डॉलर कापते आणि पाकिटावर बाहेरून सही करते. आत काय नंबर आहे हे तिला दिसत नाही, पण सही कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. घरी येऊन तुम्ही पाकीट फाडता. हातात काय उरलं? बँकेची खरी सही असलेली नोट, जिचा नंबर बँकेने कधीच पाहिलेला नाही. तुम्ही ती दुकानदाराला देता, तो बँकेत भरतो. बँक दोनच गोष्टी तपासते: सही आपलीच आहे ना, आणि हा नंबर आधी कोणी वापरलाय का. ही नोट कोणी काढली होती, हे बँकेला सांगता येत नाही. कार्बन पेपरच्या जागी चॉमने गणित वापरलं, इतकंच.

यात एक बारकावा आहे. पैसे देणारा लपतो, पण घेणारा लपत नाही, कारण त्याला नोट बँकेत आणून भरावी लागते. म्हणजे लाच घेणाऱ्याची, उत्पन्न दडवणाऱ्याची सोय नाही. ‘गुप्त पैसा म्हणजे काळा पैसा’ हे जे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, त्याला चाळीस वर्षांपूर्वीच दिलेलं हे उत्तर आहे.

चॉमने ॲमस्टरडॅममध्ये डिजिकॅश ही कंपनी काढली. 1995 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने त्याचं ई-कॅश ग्राहकांना दिलं. पण दुकानं नाहीत म्हणून ग्राहक येईनात, आणि ग्राहक नाहीत म्हणून दुकानं येईनात. लोकांनी गुपचूप क्रेडिट कार्डाचा नंबर वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. 1998 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

त्याची किंमत कळायला 12 वर्षं लागली. नोव्हेंबर 2010 च्या शेवटी विकिलीक्सने अमेरिकी दूतावासांच्या तारा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा आणि बँक ऑफ अमेरिका यांनी एकामागून एक त्यांच्या देणग्या बंद केल्या. कोणत्याही कोर्टाने तसा आदेश दिलेला नव्हता. विकिलीक्सबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही सगळं चांगलं नाहीये, पण मुद्दा तो नाही. चार कंपन्यांनी स्विच बंद केला आणि जगभरातल्या माणसाला स्वतःचे पैसे हव्या त्या ठिकाणी देता येईनात.

तेव्हा बिटकॉईन जेमतेम दोन वर्षांचं होतं. गंमत म्हणजे त्याच्या निर्मात्याने, ‘सातोशी’ने, त्याच महिन्यात लिहिलं होतं की विकिलीक्सने कृपया आत्ता बिटकॉईन वापरू नये, हे रोपटं अजून लहान आहे, असा त्याचा सूर होता. तरी जून 2011 मध्ये विकिलीक्सने बिटकॉईन घ्यायला सुरुवात केलीच.

हे फक्त तिकडचं नाही. 6 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. क्रिप्टोवर बंदी घातली नाही, तसा कायदाही नव्हता. फक्त बँकांना सांगितलं की या धंद्याला सेवा देऊ नका. अख्ख्या व्यवसायाचा श्वास कोंडला. 4 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर कित्येकांनी गाशा गुंडाळला होता. मला क्रिप्टोच्या सट्ट्याचं अजिबात कौतुक नाही. पण नळ बंद करायची ही पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्या ई-रुपयाकडे या. 1 डिसेंबर 2022 ला किरकोळ वापरासाठी त्याचा प्रयोग सुरू झाला, पहिल्या शहरांत मुंबईही होती. यूपीआयशी गल्लत करू नका. यूपीआयमध्ये पैसे बँकेच्या खात्यातच असतात, आपण फक्त निरोप पाठवतो. ई-रुपया ही थेट रिझर्व्ह बँकेची देणी आहे, नोटेसारखी. ऑक्टोबर 2022 च्या टिपणात रिझर्व्ह बँकेने छोट्या व्यवहारांना रोखीसारखी गुप्तता देण्याचा विचार मांडलाय, ते चांगलंच आहे. पण त्याच टिपणात ‘प्रोग्राम करता येणारा पैसा’ आहे, आणि उदाहरण दिलंय शेतीकर्जाचं: ते पैसे फक्त शेतीच्या निविष्ठा विकणाऱ्या दुकानातच चालतील अशी सोय करता येईल.

कोडमध्ये ही एक ‘इफ’ची ओळ आहे. मी ती दहा मिनिटांत लिहून देईन. पण पीककर्ज हातात आलं की त्यातून बियाणं-खत जसं येतं, तशी पोरीची कॉलेजची फीही जाते, आईचं औषधही येतं, हे गावाकडच्या कोणालाही विचारा. कृषी सेवा केंद्राबाहेर तो पैसा चालणार नाही असं ठरलं, तर त्या बाईने औषधासाठी जायचं कोणाकडे? सावकाराकडेच ना? बरं, ही ओळ कोण लिहिणार, कोण बदलणार, आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? तालुक्याच्या बँक मॅनेजरशी भांडता तरी येतं.

आणि ‘तंत्रज्ञानच तसं आहे, काय करणार’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 2021 मध्ये चॉमने स्विस नॅशनल बँकेच्या एका अधिकाऱ्यासोबत निबंध लिहिला: मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन आंधळ्या सहीवर कसं चालवायचं. 2023 मध्ये बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या स्वित्झर्लंडमधल्या केंद्राने ‘तूर्बियाँ’ नावाच्या प्रकल्पात त्याचा नमुना चालवूनही दाखवला.

पुढच्या भागात एल साल्वाडोर. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे बिटकॉईन कायदेशीर चलन झालं, आणि 2025 च्या सुरुवातीला ते घेण्याची सक्ती काढून टाकावी लागली. मधल्या साडेतीन वर्षांत काय झालं, ते तेव्हा बोलू.